यंदा धक्का मारायचा नाही

१५ एप्रिल
(अंगणात, तुमच्याच जीपच्या सावलीत बसून)

प्रिय रवीमामा आणि मामी,

धम्मदीपाचा सप्रेम जय भीम. इकडे आई, बाबा, केशरआजी, दोन शेळ्या आणि ट्रॅक्टर असे सगळे खुशाल आहोत. खुशाल असणाऱ्यांच्या यादीत ट्रॅक्टरचं नाव कित्येक वर्षांनी आलं आहे, आणि ते कसं आलं हे सांगायलाच हे पत्र. मामींचे गुडघे कसे आहेत? आजी म्हणते एरंडाचं पान गरम करून बांधा. मी म्हणते डॉक्टरांना दाखवा. दोन्ही निरोप पोचवले, निवड मामींची. तुमची बदलीची काळजी मिटली का? नव्या घराखाली गाडी लावायला जागा मिळाली नसेल तर जीप खुशाल इथेच राहू द्या. तिची काळजी नसावी. ताडपत्री तुम्ही बांधून गेलात तशीच आहे. (फक्त चाकाजवळच्या कोपऱ्याची गाठ वेगळी दिसते. वाऱ्यानं सुटली असेल, बाबांनी बांधली असेल.)

तुम्ही विचाराल, पोरीनं फोन सोडून पत्र का लिहिलं. मामा, आमच्या घरात फोन स्पीकरवर ठेवूनच बोलायची पद्धत आहे हे तुम्हाला ठाऊक आहे. मागच्या वेळी मी बोलत होते तेव्हा मध्येच आजीनं तुम्हाला पाऊसपाणी विचारलं, आईनं भाजी काय केली ते विचारलं, आणि रस्त्यानं जाणाऱ्या तुळसाबाईंनी कुंपणावरून मामींना नमस्कार केला. माझं सांगायचं राहूनच गेलं. इतकी मोठी गोष्ट अशी तुकड्या-तुकड्यांत सांगायची माझी इच्छा नाही. शिवाय मी पदवीधर झाले तेव्हा तुम्हीच म्हणाला होता की आता तू पत्र लिहीत जा, आपल्या घरात पत्र लिहिणारं माणूस झालं हे मला कपाटात जपून ठेवता येईल. तर हे घ्या, आणि जपण्यासारखंच आहे!

मामा, आमच्या ट्रॅक्टरची बॅटरी मी जिवंत केली.

आता सुरुवातीपासून सांगते. मामी आमच्या लग्नकार्यांना येऊन गेल्या, पण सुगीत कधी आल्या नाहीत, म्हणून त्यांच्यासाठी थोडं मागून घेते. आमचा ट्रॅक्टर माझ्याहून वयानं मोठा. घरात मी पहिली म्हणून मला थोरली म्हणायला हवं होतं, पण तो मान त्याच्याकडे गेला. आजी त्याला 'थोरला' म्हणते. या थोरल्याची बॅटरी कधी मेली हे कोणालाच नक्की सांगता येत नाही, कारण तिचं मरण कोणाच्या फारसं लक्षातच आलं नाही. बाबा ट्रॅक्टर विहारापुढच्या उतारावर लावायला लागले आणि सकाळी चहाच्या टपरीवरची माणसं येऊन धक्का मारायला लागली. बाबा क्लच दाबून दुसऱ्या गेअरात बसायचे, माणसं ढकलायची, वेग आला की बाबा क्लच सोडायचे, थोरला दोन-तीन ठसके देऊन धूर ओकायचा आणि निघायचा. धक्का मारणाऱ्याला शेतापर्यंत जायला मिळायचं, येताना त्याच्या कडब्याच्या पेंढ्या यायच्या. मामा, अतिशयोक्ती वाटेल, पण आमच्या गावात बोलणं बंद असलेली माणसं त्या ट्रॉलीमागे शेजारी शेजारी उभी राहून पुन्हा बोलायला लागलेली मी पाहिली आहेत. एकत्र जोर लावायचा तर "हां, मार!" तरी म्हणावंच लागतं, आणि तेवढं म्हटलं की पुढचं आपोआप निघतं. (आई म्हणते बाबांनी बॅटरी मुद्दामच मारली असेल. आईचं मन फार संशयी आहे.)

या सगळ्यात मोठा धक्का म्हणजे चौदा एप्रिलचा. दरवर्षी जयंतीच्या मिरवणुकीत बाबासाहेबांचा फोटो थोरल्याच्याच ट्रॉलीवर असतो, आणि ट्रॉलीच्या मागच्या फाळक्याला पहिला हात केशरआजीचा. आजीचा हात लागल्याशिवाय दुसऱ्या कोणी ढकलायचं नाही, हे न लिहिलेलं आहे पण सगळ्यांना पाठ आहे. बाबा त्या दिवशी निळा फेटा बांधून ट्रॅक्टरवर बसतात. वर्षभर कोणाशी चार शब्द न बोलणारा माझा बाप त्या दिवशी सीटवर असा ताठ बसतो की फोटो त्याचाच काढावा.

पण गेल्या वर्षी पाण्याच्या टाकीजवळच्या वळणावर थोरला बंद पडला. तिथे सपाट आहे, उतार नाही. नाचणाऱ्या पोरांना नाचणं सोडून ढकलावं लागलं. आपला विकास, तो जयंती मंडळाचा अध्यक्ष झाला आहे, त्यानं त्या दिवशी पहिल्यांदा घातलेल्या पांढऱ्या शर्टावर पाठीमागे कोणाचा तरी ग्रीसचा पूर्ण पंजा उमटला. तो धुऊन गेला नाही, आणि विकासच्या मनातूनही गेला नाही. यंदाच्या बैठकीत विहारात उभा राहून तो बाबांना सरळ म्हणाला, "उकंडकाका, राग नका मानू. पब्लिक नाचायले येते, धक्का मारायले नाही येत. यंदा दिनेशचा नवा ट्रॅक्टर सांगू." दिनेश म्हणजे तुळसाबाईंचा मुलगा, आमच्या शेजारी त्यांची वांग्या-टमाट्यांची वाडी आहे. तो बिचारा दारातच उभा होता, म्हणाला, "मी काही म्हटलं नाही बरं काका, मले फोन आला होता." बाबांनी नुसता गुडघ्यावरचा रुमाल झटकून पुन्हा गुडघ्यावर ठेवला. मामा, तो रुमाल पाहून मला बसवेना. मी उठले आणि म्हणाले की ट्रॅक्टर आमचाच जाईल, धक्क्याशिवाय जाईल, किल्ली फिरवली की सेल्फवर चालू होईल, आणि बॅटरी मी दुरुस्त करीन. विकास म्हणाला, "आन् नाही झाला तं?" मी म्हणाले, नाही झाला तर पुढे कधीच आमचा ट्रॅक्टर लावू नका. (हे शेवटचं वाक्य बोलायला नको होतं, हे मला बोलताबोलताच कळलं होतं, पण ते तोवर अर्धं बाहेर आलं होतं.)

घरी आल्यावर दारातच बाबा म्हणाले, "माहा ट्रॅक्टर कायमचा घालवला तुनं." आणि जेवायला बसले.

नवी बॅटरी का आणली नाही, हा तुमचा प्रश्न मला इथूनच ऐकू येतो. मी तेच म्हटलं. पण बाबांचं ठरलेलं आहे की माझी बी.एड.ची ॲडमिशन होईपर्यंत घरात खिळासुद्धा नवा येणार नाही. माझ्या शिक्षणापायी त्यांचा मान जाणार असेल तर माझ्या शिक्षणानंच तो वाचवला पाहिजे, असं मी त्या रात्री ठरवलं, आणि रसायनशास्त्राचं पुस्तक पेटीतून काढलं.

बॅटरी खाली उतरवली तेव्हा ती बॅटरी आहे हे ओळखावं लागत होतं. टर्मिनलवर पांढरा-हिरवा फुलोरा आलेला. वरच्या सहा झाकणांपैकी एक हरवलेलं, त्या जागी बाबांनी कडुलिंबाची खुंटी तासून बसवलेली, आणि इतकी नेटकी की ती बॅटरीला कंपनीतूनच आली असावी असं वाटावं. मी गरम पाणी आणि खायचा सोडा टाकून टर्मिनल घासले. तो फेस काय आला मामा! आजी लांबून बघत होती, म्हणाली, "पोरीनं ढोकळा लावला." आत डोकावले तर पाणी तळाला गेलेलं. आता यात विहिरीचं चालत नाही, नळाचं चालत नाही, शुद्ध ऊर्ध्वपातित पाणी लागतं, ज्याला सगळे बॅटरीचं पाणी म्हणतात. ते शेलूबाजारला कोणत्याही दुकानात मिळतं हे मलाही माहीत होतं. मी चप्पल घालतच होते, तेवढ्यात बाबा खाटेवरून म्हणाले, "काहून वं, बी.एस्सी. झाली ना तू? तीन वर्सं शिकली, आन् तुले पाणीबी इकतच आणा लागते?"

झालं. मी चप्पल काढली.

आता पुढचा प्रकार आजी तुम्हाला भेटल्यावर वेगळा सांगेल, म्हणून आधीच खरा सांगून ठेवते. शेळ्यांच्या गोठ्यामागे मी चूल मांडली. कुकरची शिट्टी काढून तिथे फवारणी पंपाची जुनी नळी बसवली (आधी सोड्यानं सात वेळा उकळून), ती नळी गार पाण्याच्या बादलीतून फिरवली आणि टोक काचेच्या बाटलीत सोडलं. वाफ नळीत जाते, थंड होते, थेंब थेंब शुद्ध पाणी पडतं. पहिला थेंब पडला तेव्हा मला कॉलेजच्या प्रयोगशाळेत झाला नव्हता इतका आनंद झाला. निसर्गाचा नियम आमच्या गोठ्यामागेही तसाच चालतो, त्याला वशिला लागत नाही, हे डोळ्यांनी पाहणं म्हणजे काय असतं ते लिहून सांगता येत नाही. मी मांडी घालून थेंबाकडे बघत बसले होते. आणि त्याच वेळी कुंपणापलीकडे वांगी तोडणाऱ्या तुळसाबाई माझ्याकडे बघत होत्या.

तुम्हाला आठवत असेल, गेल्या वर्षी गावात महिलांची दारूबंदी समिती झाली. अध्यक्ष केशरआजी, सचिव मी. नियम मीच लिहिले. त्यात एक नियम मी फार अभिमानानं घातला होता, की भट्टी कोणाच्याही घरी सापडो, नातंगोतं न पाहता समितीनं आगाऊ न कळवता जायचं. तुळसाबाई या समितीतल्या सगळ्यात जागरूक सदस्य. त्यांनी गोठ्यामागे चूल पाहिली, नळी पाहिली, बादली पाहिली, बाटली पाहिली, आणि नियमाप्रमाणे अध्यक्षांना फोन केला. नियमाप्रमाणे मला केला नाही, कारण मी आरोपी होते. आजी तेव्हा विहारात होती. तुळसाबाईंनी तिला एवढंच सांगितलं की गोठ्यामागे भट्टी लागली आहे, आणि आजी विहारातल्या सगळ्या बाया घेऊन निघाली. कोणाच्या गोठ्यामागे, हे तिनं विचारलं की नाही यावर आजही घरात वाद आहे. आजी म्हणते विचारलं होतं, आणि तरी आली.

मी वर पाहिलं तर चारी बाजूंनी झाडू, काठ्या आणि एक लाटणं. मधे आजी. "माह्या घरात भट्टी!" ती म्हणाली. "सचिवीणबाई, उठा. पंचनामा ल्याहा." मी म्हणाले, आजी, हे बॅटरीचं पाणी आहे. तुळसाबाई म्हणाल्या, "पकडलेला हरेक माणूस पाणीच सांगते, बाई." हे मात्र खरं आहे. आमच्या मागच्या तिन्ही धाडींत सगळ्यांनी पाणीच सांगितलं होतं. मग आजीनं बाटली उचलली, बोट बुडवलं, जिभेला लावलं. सगळ्या बाया तिच्या तोंडाकडे बघत होत्या. आजीचा चेहरा उतरला. "हे तं निस्तं पाणी व्हय," ती म्हणाली, आणि मामा, तिच्या आवाजात निराशा होती! तुळसाबाईंचा विश्वास बसेना, त्यांनी झाकणभर घेतलं. मग दुसरीनं घेतलं, कारण साक्षीदार एकाहून जास्त पाहिजेत हाही नियम माझाच. शेवटी बाटली माझ्याकडे परत आली तेव्हा तिच्यात तळ ओला राहील एवढंच पाणी होतं. समितीनं पुरावा पिऊन टाकला होता.

सगळ्या खजील झाल्या. पण बाया खजील झाल्या की नुसत्या बसत नाहीत. एकीनं काड्या आणल्या, एकीनं बादलीतलं पाणी बदललं, तुळसाबाईंनी स्वतःच्या घरचा मोठा कुकर आणला, आणि आजी नळीच्या टोकाशी बाटली धरून बसली. मी त्यांना बाष्पीभवन समजावून सांगितलं. सगळ्यांनी इतकं मन लावून ऐकलं की मला बी.एड. आधीच मिळाल्यासारखं वाटलं. फक्त संध्याकाळपर्यंत गावात बातमी अशी फिरली की उकंडरावच्या गोठ्यामागे दारूबंदीच्या बायांनीच भट्टी लावली आहे, आणि कुंपणाजवळून काही माणसं उगाचच जा-ये करायला लागली. एक जण तर पेला घेऊन आला होता. आजीनं त्याला पाणी पाजलं. (शुद्ध.)

पाणी भरलं, झाकणं लावली, कडुलिंबाची खुंटी बसवली. आता चार्जिंग. त्यासाठी मी शेतातल्या झटका मशीनची सोलर प्लेट वापरली. मामी, झटका मशीन म्हणजे रानडुकरं आणि रोही, म्हणजे नीलगाई, पिकात येऊ नयेत म्हणून कुंपणाच्या तारेला हलका झटका देणारं यंत्र. सध्या शेतात फक्त पालापाचोळा असल्यानं डुकरांना सुट्टी दिली आणि प्लेट अंगणात आणली. सूर्य वळेल तशी मी प्लेट वळवायची. आई म्हणाली, "एवढं लक्ष तू कधी भाकरीकडे ठेवलं असतं तं." तिसऱ्या दिवशी बॅटरी थोरल्याला जोडून मी हॉर्नचं बटण दाबलं. मामा, वाजला! माझ्या आठवणीत पहिल्यांदा थोरल्याचा आवाज ऐकला. शेळ्या दावं तोडून पळाल्या, दिनेश वाडीतून धावत आला, आणि खाटेवर झोपलेले बाबा उठून बसले. मग जवळ आले आणि स्वतः एकदा बटण दाबून पाहिलं. आणि आणखी एकदा.

हॉर्न आला पण सेल्फ येईना. किल्ली फिरवली की आतून फक्त 'टक्' असा आवाज. मी आणखी चार्ज केली, पुन्हा 'टक्'. तेरा तारखेच्या संध्याकाळीही 'टक्'. विकास बघायला आला होता, त्यानं कानामागे हात धरून ऐकल्यासारखं केलं आणि म्हणाला, "दीपाताई, दिनेशले डिझेल भरून ठेवायले सांगू काय?" मी त्याला म्हणाले की उद्या सकाळचं पहिलं ऊन तिला लागू दे. हे मी कशाच्या आधारावर म्हणाले ते पुस्तकात कुठेही नाही. मग मी घरात जाऊन बरीच रडले. हे फक्त तुम्हाला सांगते. मला वाटलं होतं की शिकलं म्हणजे निदान आपल्या घरातली एक वस्तू तरी सरळ करता येईल. बाबा दारापर्यंत आले होते. आत आले नाहीत.

आणि काल, चौदा तारखेला! सकाळी उठून अंगणात आले तर बाबा आधीच उठलेले, हात काळे झालेले, बॅटरी ट्रॅक्टरवर बसवूनही झालेली. वर गोणपाट बांधलं होतं. मी उघडून पाहायला गेले तर म्हणाले, "राहू दे. नीळ उडते मिरवणुकीत, बॅटरीत जाईन. तू जाय, आंघोळ कर, पांढरी साडी नेस." मी म्हणाले, एकदा किल्ली फिरवून बघू? तर म्हणाले, "तिथंच फिरवू. सगळ्याइच्या पुढं." मामा, त्यांना इतका विश्वास कुठून आला हे मला कळेना.

संध्याकाळी विहारापुढे सगळं गाव. ट्रॉलीला निळ्या पताका, फोटोला हार. दिनेशचा नवा ट्रॅक्टर जरा लांब, झाडाखाली, लाजल्यासारखा उभा. सवयीनं माणसांनी बाह्या वर केल्या होत्या. आजी फाळक्याशी, हात लावून तयार. विकास ओरडला, "यंदा धक्का मारायचा नाही! सगळे मागं व्हा!" कोणी मागे झालं नाही. बाबांनी फेटा नीट केला, माझ्याकडे पाहिलं आणि किल्ली फिरवली.

'टक्' नाही. काहीच 'टक्' नाही! थोरला एका दमात भडाडला! धूर, टाळ्या, डीजे, पोरं हवेत. बाबा सीटवरून मोठ्यानं ओरडले, जे त्यांनी माझ्या जन्मात केलेलं नाही. "माह्या पोरीनं जिती केली! बी.एस्सी.वाल्या पोरीनं!" विकास माझ्या पाया पडायचा राहिला. मला हसू येत होतं आणि डोळ्यांना काही दिसत नव्हतं.

आणि तेवढ्यात ट्रॅक्टर पुढे सरकला, ट्रॉली सरकली, आणि आजीचा हात हवेतच राहिला. ती तशीच उभी. बाह्या वर केलेली माणसंही तशीच, जणू जेवायला बसवून ताट उचललं. "मंग मी कायले आली?" आजी म्हणाली. ती फार मोठ्यानं बोलली नाही, पण बाबांनी मागे वळून पाहिलं, आणि मामा, त्यांनी काय करावं? इंजिन बंद केलं! दुसरा गेअर टाकला, क्लच दाबला आणि म्हणाले, "माय, लाव हात." विकासनं डोक्याला हात मारला. आजीनं फाळक्याला हात लावला, मग माझा हात धरून शेजारी ठेवला, मग तुळसाबाई आल्या, मग अख्खं गाव. यंदा तर दिनेशसुद्धा होता. थोरला ठसकला, धूर ओकला आणि निघाला. इतका जोरात धक्का त्याला आजवर कधीच मिळाला नसेल, कारण यंदा त्याची काही गरजच नव्हती. मिरवणूक कुठेही अडली नाही. विकासच्या नव्या शर्टावर पुन्हा एक पंजा आहे, पण यंदा तो स्वतःच सगळ्यांना पाठ करून दाखवत होता.

आज सकाळपासून बाबा येईल त्याला ट्रॅक्टर चालू करून दाखवत आहेत. अंगणात लोकांच्या मेलेल्या बॅटऱ्यांची रांग लागली आहे. तुळसाबाई म्हणतात दारूबंदी समितीनं दर पंधरवड्याला पाण्याची भट्टी लावावी. विहारात मुलींसाठी विज्ञानाचा वर्ग सुरू करायचा मी ठरवलं आहे. मामा, माणसानं मनावर घेतलं आणि थोडं शास्त्र हाताशी असलं, तर मेलेली गोष्टही उठते, हे मी आता कोणालाही छातीठोक सांगू शकते. बुद्धपौर्णिमेला तुम्ही जीप न्यायला याल तेव्हा सगळं प्रत्यक्ष दाखवीन. मामींना जपा, गुडघ्याचं कळवा.

तुमची भाची,
धम्मदीपा उकंडराव

ता.क. (१६ एप्रिल, सकाळ) पत्र टाकायच्या आधी म्हटलं, तुम्ही येण्याआधी जीप पुसून घ्यावी. ताडपत्री काढली, बोनेट उघडलं. आत आमची बॅटरी आहे. सहा झाकणं, त्यातलं एक कडुलिंबाचं. किल्ली फिरवली. 'टक्'. हॉर्न मात्र छान वाजतो.

मी बराच वेळ बोनेट तसंच धरून उभी होते. मग ट्रॅक्टरवरचं गोणपाट उचललं. खाली तुमची बॅटरी, टर्मिनलला मामींनी ओळखीसाठी बांधलेली निळी फीत तशीच. वर लिहिलेलं सगळं फाडून टाकावं असं वाटलं, पण फाडलं नाही, कारण त्यातलं बहुतेक खरं आहे, फक्त शेवट माझा नाही. मामा, आता खरी विनंती. तुम्ही याल तेव्हा जीप चालू होणार नाही. तेव्हा बाबांना काही विचारू नका, "उभी राहून राहून उतरली असेल" एवढंच म्हणा. मला कळलं आहे हे त्यांना कळू देऊ नका. दुसरं असं की मला खोटा मान नको. लोकांच्या बॅटऱ्यांपैकी दिनेशच्या घरची जुनी बॅटरी माझ्या पाण्यानं आणि कालच्या उन्हानं खरंच उठली. ती मेली नव्हती, तहानली होती. बाकीच्या मेलेल्याच आहेत, आणि आमचीही मेलेलीच होती, हे रविवारी विहारात मी उभी राहून सांगणार आहे. मग मिरवणुकीत ट्रॅक्टर कसा चालू झाला असं विकास विचारेलच. तर मी म्हणेन, रवीमामांच्या कृपेनं. त्यात एक अक्षर खोटं नाही.

ता.क. २. वरचं लिहीत होते तेव्हा बाबा चहा घेऊन समोरच्या खाटेवर येऊन बसले. माझ्याकडे पाहिलं नाही, जीपच्या उघड्या बोनेटकडेही पाहिलं नाही. बशीत चहा ओतला, फुंकला आणि म्हणाले, "रवीले चिठ्ठी ल्ह्यून राह्यली? मंग लिही त्याले, जीप उतारावर लावून ठेवतो म्हणा." मग ते उठले, बोनेट हळूच खाली केलं आणि जीपच्या मागे जाऊन उभे राहिले. मी वही खाली ठेवली आणि शेजारी जाऊन हात लावला. आजी घरातून ओरडली की तिच्याशिवाय कोणी ढकललं तर याद राखा, म्हणून थांबलो. आता जीप विहारापुढच्या उतारावर, तोंड खाली करून उभी आहे, चाकाला दगड लावला आहे. तुम्ही बॅटरी आणायच्या भानगडीत पडू नका. फक्त दुसऱ्या गेअरात बसा. बाकी गाव बघून घेईल.